गोजाबाईचा नियम

"पोरीला दुधाला धाडत जाऊ नका, सुमनताई," अंबूबाई नळावर म्हणाल्या.

सुमनताई तेव्हा मला चिंच लावून घासत होत्या. त्या हसल्या. "बापाबरोबर जाते हो ती. एकटी थोडीच जाते?"

"म्हणून तर सांगते. दूध आणायला माणसाला लेकरू कशाला लागतं? किटली काय एकट्याला उचलत नाही होय?"

सुमनताईंनी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि विषय तिथंच संपवला. घरात येताना मात्र स्वतःशीच पुटपुटल्या, "हिच्या नवऱ्यानं कधी पोरांना कडेवर घेतलं नाही, त्याचं हे दुखणं."

मित्रांनो, ती किटली म्हणजे मी. मी एक जुनी पितळी किटली आहे. आता माझ्यात कुणी दूध घालत नाही. दाराजवळच्या फळीवर मी पालथी असते, आणि पालथ्या भांड्याला आठवण्यापलीकडे दुसरं काम नसतं. म्हणून सांगते.

मला पुण्याच्या तांबटांनी घडवलं. एका सपाट पत्र्याला ठोकून ठोकून पोट आलं, मग मान आली, मग घट्ट बसणारं झाकण आणि धरायला गोल कडी. सुमनताईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला विकत घेतलं आणि माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव घालून घेतलं. सुमनताई सोलापूरला कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेल्या. रुखवतात बायका मला हातात घेऊन नाव वाचायच्या आणि म्हणायच्या, पोरगी शिकलेली आहे, भांडीसुद्धा वाचता येतील अशी घेतलीत. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

पुढं त्यांचे यजमान ज्योतीराम यांना पिंपरीच्या बाजूला नव्यानंच उभ्या राहिलेल्या एका औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही बार्शीहून इकडं आलो. वसाहतीच्या भिंतींचा चुना अजून ओला होता. कुणी सातारचं, कुणी नगरचं, कुणी थेट नांदेडचं. चाळीच्या मागं ज्वारीची रानं, त्यापलीकडं बाभळी आणि बाभळींच्या मागं पवना नदी. संध्याकाळी भोंगा झाला की माणसं घरी यायची, चुली पेटायच्या, आणि ज्योतीराम हात-पाय धुऊन मला खुंटीवरून काढायचे.

"चल गं रंभा, दुधाला."

रंभा त्यांची पाच वर्षांची मुलगी. ती धावत यायची आणि माझ्या कडीची एक बाजू धरायची. दुसऱ्या बाजूला बापाचा हात. तिच्या मनगटात सैल चांदीची बांगडी होती. चालताना ती माझ्या कडीवर वाजायची, किण किण. मला डोळे नाहीत, मित्रांनो. मला हात कळतात, वजन कळतं आणि आवाज कळतो. बाकीचं नंतर कानावर आलं ते सांगते. रंभाचा हात घामट, उबदार, आणि एका जागी न राहणारा. तो मी हजार हातांत ओळखला असता.

चाळीतल्या बायका त्या दोघांकडं बघत राहायच्या. नवरा असावा तर असा, दूध आणतो वर पोरीला फिरवून आणतो. सुमनताई वरून काही दाखवायच्या नाहीत. पण रात्री मला पालथं घालताना त्यांचा हात माझ्यावरून हलकाच फिरायचा.

आता त्या फिरण्यात काय होतं, ते ऐका.

आधी आम्ही रानातल्या गोठ्यावर जायचो. तिथं माझ्यात दूध पडायचं. मग घरची वाट सोडून आम्ही नदीकडं उतरायचो. वाटेत चुना मळायची एक पडकी घाणी होती. जमिनीत गोल दगडी चर आणि त्या चरात उभं, माणसाच्या छातीएवढं दगडी चाक. बैल गेले, चुना गेला, चाक तेवढं राहिलं. ज्योतीराम तिथं थांबायचे.

"चाकाला हात लावून बस. मी येईपर्यंत हात काढायचा नाही."

रंभा बसायची. आणि आम्ही दोघं, म्हणजे ते आणि मी, बाभळीतल्या गोजाबाईच्या झोपडीकडं जायचो.

तेव्हा राज्यात दारूबंदी होती. परवाना नसेल त्यानं दारू विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा होता. फाट्यावर शिपाई उभा असायचा. एकट्या माणसाच्या पिशव्या तो चाचपायचा, सायकली उभ्या करायचा. पण एका हातात दुधाची किटली आणि दुसऱ्या बाजूला बडबड करणारी पोर, अशा माणसाला कोण अडवणार? गोजाबाई सायकलच्या ट्यूबचा तुकडा एका टोकाला बांधायची, त्यात आपला माल भरायची, दुसरं टोक आवळायची. ज्योतीराम तो फुगा माझ्यातल्या दुधात सोडायचे आणि झाकण लावायचे. फाट्यावरचा शिपाई वाकून रंभाचा गाल धरायचा, "काय ठमाबाई, दूध पिता का नुसतं सांडता?" आणि आम्ही पुढं. घराजवळ आल्यावर फुगा सरपणाच्या ढिगामागं जायचा.

मोठ्या लोकांकडं सरकारचा शिक्का मारलेले परवाने असत म्हणे. ज्योतीरामांचा परवाना म्हणजे रंभा.

मात्र गोजाबाईचाही एक नियम होता. सरकारनं सगळ्यांनाच बंदी केलेली, त्यामुळं पोरंबाळं घेऊन येणाऱ्यांसाठी वेगळा कायदा करायचं सरकारला कारणच नव्हतं. तो गोजाबाईनं केला होता. पाटलाचा माणूस असो की कारखान्याचा साहेब असो, ती पहिल्यांदा दारातून बाहेर बघायची.

"पोर संगं हाय?"

"नाही."

"पोर संगं असलं तर माप न्हाई. म्होरं बोलू नगंस."

ज्योतीराम पहिल्या दिवशीच परत फिरले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना घाणी सापडली. पोर सोबत आणायची नाही एवढंच म्हातारी म्हणते ना? मग झोपडीत कुठं आणलीय? घाणी झोपडीपासून हाकेवर होती, पण मध्ये बाभळी होत्या. नियमही राहिला आणि परवानाही राहिला, असं ते मनात म्हणत असावेत. कारण परत येताना ते शीळ घालायचे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर रंभा दूध नको म्हणायला लागली.

"सायकलीचा वास येतो," ती म्हणायची.

"सायकल काय दूध देते का गं?" ज्योतीराम हसून म्हणायचे. पण मान वर करायचे नाहीत.

सुमनताईंनी माझा वास घेतला. मग दोष माझ्यावर आला. कल्हई उडाली असेल, भांडं कळकत असेल. मला कल्हईवाल्याकडं नेलं, निखाऱ्यावर धरलं, नवसागर फासला, आतून चांदीसारखं केलं. वास गेला नाही. मी कुणाला काय सांगणार?

रंभानं आणखीही काही सांगायला सुरुवात केली होती. एकदा भात कालवता कालवता म्हणाली, "आई, ती म्हणते तिचा हात दुखतो."

"कोण ती?"

"चाकापाशी बसते ती. तिचे बाबा पण आत गेलेत."

सुमनताईंचा हात थांबला. त्यांनी ज्योतीरामांकडं पाहिलं. ते म्हणाले, "गोठ्याच्या पुढं चुन्याची जुनी घाणी आहे. धार काढेपर्यंत खेळते तिथं. गुराख्याची पोर येत असेल एखादी."

सुमनताई पुस्तकं वाचणाऱ्या बाई. एकट्या मुली खोट्या मैत्रिणी करतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "नाव काय तिचं?"

रंभा विचार करून म्हणाली, "तिला ते आठवत नाही."

त्या रात्री सुमनताईंनी दाराची कडी लावली, काढून पाहिली आणि परत लावली.

दिवाळीच्या सुमाराला रंभा तापानं पडली. ज्योतीराम एकटेच निघाले. घाणीजवळून जाताना ते नेहमीच्या सवयीनं थांबले, मग स्वतःशीच हसून चालू लागले. झोपडीच्या दारात गोजाबाई उभी होती. तिनं त्यांच्या खांद्यावरून लांब पाहिलं.

"आज माप न्हाई."

"का गं म्हातारे?"

"पोर संगं आणलीस."

"माझी पोर घरी तापात पडलीय. शपथेवर सांगतो."

"मंग घाणीपाशी चाकाला हात लावून बसलीया, ती कुणाची?"

ज्योतीराम वळले. त्यांच्या मुठीला घाम सुटलेला माझ्या कडीला कळला. बाभळींमध्ये वारा नव्हता. ते म्हणाले, "तिथं कुणी नाही. डोळे दाखव कुठंतरी."

"माजं डोळं चांगलं हायेत." गोजाबाई उंबऱ्यावर बसली. "तुला वाटलं व्हय, म्हातारीला ठावं न्हाई? बांगडी वाजती तुज्या लेकीची. आजवर गप ऱ्हायले, तुज्या मागं बघत ऱ्हायले. आता ऐक. माजी सासू हितंच बसायची. तवा बंदी न्हवती. एक गडी लेक घिऊन आला. सासू म्हनली, लेकराम्होरं न्हाई देनार. त्यानं लेक घाणीपाशी बसवली. तिला सांगितलं, चाकाला हात लाव, म्या येईस्तोवर काडू नगं."

ज्योतीरामांनी मला दुसऱ्या हातात घेतलं.

"प्याला, आन् दुसऱ्या वाटंनं घरला गेला. इसरला. रातीत पाऊस आला, नदी चढली. पानी वसरल्यावर मान्सं आली तर चाक हुतं, पोर न्हवती. गडी कुठला, गाव कंचं, कुनालाच ठावं न्हाई. सासू मरताना मला म्हनली, कुनाचं बी लेकरू त्या जागी बसू दिऊ नगं. दुसरं कुनी बसलं की तिला उठाया येतं."

"गोष्टी सांगून धंदा करतेस होय," ज्योतीराम म्हणाले. आवाज मात्र त्यांचा नेहमीचा नव्हता. परतताना ते घाणीजवळून गेलेच नाहीत. रानातून, ढेकळांतून ठेचकाळत घरी आले.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, इतकं ऐकल्यावर माणूस थांबला असेल. ते काही दिवस थांबलेही. रंभा बरी झाली, हिंडू-फिरू लागली. फाट्यावरचा शिपाई मात्र तिथंच होता. एकट्यानं जायची त्यांना भीती, आणि गेल्याशिवाय त्यांचे हात थरथरायचे. कारखान्यात त्यांच्या हातून बाटल्या फुटायला लागल्या. एका संध्याकाळी त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि हाक मारली, "चल गं रंभा, दुधाला."

सुमनताई कणीक मळत होत्या. "लवकर या," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी गोजाबाई झोपडीत नव्हती. तिचा भाचा माप घालायला बसला होता आणि त्याला नियमाशी देणंघेणं नव्हतं. आत कारखान्यातलेच दोन गडी बसलेले. "या की राव, फुगा काय घरी घेऊन जाता, हितंच बसा," असं म्हणून त्यांनी ज्योतीरामांना ओढून बसवलं. मी कोपऱ्यात होते. माझ्यातलं दूध निवलं. बोलणी वाढली, हसणी वाढली. उन्हाची ऊब माझ्या पोटावरून उतरून गेली तरी ते उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांची पावलं एका रेषेत पडत नव्हती.

घाणीपाशी आल्यावर ते थांबले. "चल गं," म्हणाले.

माझ्या कडीवर एक लहान हात आला.

आम्ही चालू लागलो. मला वजन कळतं, मित्रांनो. रंभा कडी धरायची तेव्हा मी तिच्या बाजूला झुकायचे. त्या दिवशी मी झुकले नाही. तो हात घामट नव्हता. तो हलत नव्हता. पाच बोटं कडीभोवती अशी आवळलेली होती, जणू सोडलं तर पुन्हा धरायला मिळणार नाही. आणि बांगडी वाजत नव्हती. मी झाकण खडखडवायचा प्रयत्न केला असता, पण भांड्याला स्वतःहून वाजता येत नाही.

"कंटाळलीस का?" ज्योतीराम विचारत होते. "आईला सांगू नको हं उशीर का झाला ते." त्यांना उत्तर आलं नाही, आणि ते त्यांना जाणवलंही नाही.

फाट्यावर शिपायानं सवयीनं वाकून गालाला हात लावला. लगेच हात मागं घेतला. तो सदऱ्याला हात पुसत असल्याचा आवाज मला आला.

"पोर गार पडलीया पार," तो म्हणाला. "लवकर घरी न्या हिला." त्यानं ठमाबाई म्हटलं नाही.

दारात सुमनताई उभ्याच होत्या. "इतका उशीर? आणि रंभा कुठाय?"

"ही काय," ज्योतीराम म्हणाले आणि त्यांनी माझी कडी थोडी पुढं केली.

तो हात उंबऱ्यापाशी सुटला.

"अहो, रंभा कुठाय?"

"आत्ता होती. कडी धरून आली सगळ्या वाटेनं. विचार त्या शिपायाला." त्यांचं तोंड उघडं राहिलं. वास आता सगळ्या घराला आला असेल.  गोठा, घाणी, चाक, सायकलीचा वास, नळावरचं बोलणं, सगळं सुमनताईंना एकदम कळलं असावं. त्यांनी मला ज्योतीरामांच्या हातातून हिसकावून घेतलं आणि पळत सुटल्या.

मला का घेतलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दूध त्यांच्या पायांवर सांडत होतं. रान लागल्यावर त्यांनी माझं झाकण काढलं आणि माझ्यावर आपटायला लागल्या. पोरीला हा आवाज ओळखीचा होता. "रंभा," अशी हाक, मग झाकणाची ठणठण, मग थांबून ऐकायचं. माझ्या पोटाला पोचे पडले. अजून आहेत.

घाणीपाशी पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. आधी मला किण असा एक बारीक आवाज ऐकू आला. मग सुमनताईंना दिसलं. रंभा चाकाला हात लावून बसली होती.

त्यांनी तिला उचलायला हात घातले, तर ती सुटेना. बोटं दगडाला चिकटल्यासारखी झालेली.

"हात काढायचा नाही," रंभा म्हणाली. "बाबांनी सांगितलंय."

"मी सांगते ना, काढ. मी आई आहे तुझी." सुमनताई एकेका बोटाजवळ तोंड नेऊन त्यावर फुंकर घालत होत्या, ऊब देत होत्या. बाभळीतून काठी टेकत कुणीतरी आलं. त्या आवाजानं आलेली गोजाबाई. तिनं पोरीकडं पाहिलं, मग चाकाला एक फेरी घालून दुसऱ्या अंगाला पाहिलं.

"दुसरी कुठं गेली?" तिनं हळूच विचारलं.

"बाबा तिला घरी सोडायला गेलेत," रंभा म्हणाली. "तिला कुणीच न्यायला येत नव्हतं. मी म्हटलं, मी बसते, तू जा."

गोजाबाई मटकन चरातच बसली. सुमनताई तिच्यावर ओरडल्या नाहीत. पोर छातीशी घट्ट धरली, माझी कडी कोपरात अडकवली आणि मागं न बघता निघाल्या. घरी येईपर्यंत त्या रंभाच्या मनगटातली बांगडी हलवून वाजवत होत्या. पुन्हा पुन्हा.

ज्योतीराम पायरीवर बसले होते. उजवा हात तसाच पुढं, काहीतरी धरल्यासारखा. शेजारी अंबूबाई उभ्या होत्या.

"तुम्ही पळालात आणि तुमच्या दारात एक पोर उभी दिसली," अंबूबाई म्हणाल्या. "ओलीचिंब. म्हटलं आत ये. तर म्हणाली, हे घर माझं नाही. कुणाची होती ती?"

ज्योतीरामांनी त्यानंतर माझ्या कडीला हात लावला नाही. बाभळीकडंही ते गेलेले मला माहीत नाही. कुणी म्हणतं ती ओली पोर सुटली, कुणी म्हणतं दुसरी जागा धरली. फळीवरून मला तेवढं कळत नाही. सुमनताई मग स्वतः दुधाला जाऊ लागल्या, वेगळं भांडं घेऊन. घाणीचं चाक गोजाबाईनं भाच्याकडून चरावर आडवं पाडून घेतलं, असं अंबूबाई सांगत होत्या. आता तिथं कुणाला बसता येत नाही.

पण दिवेलागणीला कधी कधी माझ्या कडीवर पाच गार बोटं येतात. कुणी बाहेर निघालंय का, आपल्यालाही नेतं का, हे बघायला येतात आणि जातात. तिचं घर कुठलं, ते कुणालाच ठाऊक नाही. तिच्यासाठी आता उशीर झालाय, मित्रांनो.

मला घासा, मला कल्हई करा, असं मी तुमच्याकडं मागत नाही. तुमच्या आळीत एखादं लेकरू असेल. त्याचे बाबा त्याला रोज फिरायला नेतात आणि कुठल्या तरी दाराबाहेर थांब म्हणून आत जातात. आज आईला बरोबर घ्या आणि त्याच्या घरी जा. आलं का, असं बाहेरूनच विचारू नका. ही काय, हा काय, असं कुणीही म्हणतं. आत जा, त्याचा हात आपल्या हातात घ्या, आणि तो उबदार आहे ना, ते बघून या.